डिकीच्या दाराला आतून गंज : पॅनेल काढायचं का, आणि काढल्यावर काय बघायचं

आलेला प्रश्न थोडक्यात असा. गाडी हॅचबॅक, १२ वर्षं जुनी. डिकीच्या दाराच्या खालच्या कडेला, नंबरप्लेटच्या दिव्यांजवळ रंगाला फोड आले आहेत. मागच्या काचेच्या खालूनही एक तपकिरी ओघळ दिसतो. रंगकाम करणारा म्हणतो, बाहेरून घासतो, पुट्टी भरतो, रंग मारतो, आत हात लावायची गरज नाही. मालकाला मात्र वाटतं की आतलं प्लास्टिकचं पॅनेल काढून एकदा बघावं. पण क्लिपा तुटतील, आत वायरी आहेत, परत बसवल्यावर खडखडाट होईल, अशी धास्ती आहे. तेव्हा पॅनेल काढणं खरंच गरजेचं आहे का, आणि काढायचं तर कसं?

पॅनेल काढा. २२ वर्षं पत्र्याचं आणि रंगाचं काम केल्यावर मी हे ठामपणे सांगू शकतो. बहुतेकांना वाटतं की पॅनेल काढायचं ते आतून हात घालून ठोकायला किंवा वेल्डिंग करायला. तेही लागतं, पण ते नंतरचं. पहिलं कारण म्हणजे नुसतं बघणं. तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत : पत्रा किती खाल्ला गेला आहे, आणि पाणी कुठून येतंय. दोन्हींची उत्तरं पॅनेलच्या मागे आहेत. ती मिळाल्याशिवाय बाहेरून काय करायचं हे कुणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही, तुमचा रंगकाम करणाराही नाही आणि इथे बसून मीही नाही.

डिकीचं दार म्हणजे एक पत्रा नसतो. बाहेरचा दिसणारा पत्रा वेगळा आणि आतला, खाचा-खळगे आणि मोठी भोकं असलेला सांगाडा वेगळा. बाहेरचा पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याची कड आतल्या सांगाड्यावर पूर्ण दुमडून दाबलेली असते, साडीचा काठ दुमडून शिवावा तशी. या दुमडीत चिकटद्रव्य असतं, वरून सीलंटची पट्टी असते. कारखान्यात हे सगळं जोडून झाल्यावर दार प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या साहाय्याने पत्र्यावर पातळ थर बसवतात, साधारण २० मायक्रॉनचा. सपाट भागावर तो छान बसतो. दुमडीच्या पोटात मात्र तो सगळीकडे पोचेलच असं नाही. म्हणजे दाराची सगळ्यात खालची कड, जिथे पाणी उतरून थांबतं, तीच सगळ्यात कमी संरक्षण असलेली जागा.

त्यात पाणी एकदा शिरलं की दोन पत्र्यांमधल्या बारीक फटीत ते ओढलं जातं आणि वाळत नाही. लोखंडाचा गंज होताना तो मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो. दुमडीत जागा नसते, म्हणून गंज पत्रे एकमेकांपासून फाकवतो, सीलंट फोडतो आणि आणखी पाण्याला वाट करून देतो. बाहेरच्या रंगाला फोड येतो तेव्हा आतली ही गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

फोड आतून आलाय की बाहेरून, हे पॅनेल न काढताही बऱ्यापैकी ओळखता येतं. खडा लागून रंग उडाला असेल तर आधी रंग तुटलेला दिसतो, मध्ये तपकिरी ठिपका असतो आणि गंज त्याच्याभोवती पसरत जातो. आतून आलेल्या गंजात रंग अखंड असतो, पण फुगलेला. अंगठ्याने दाबला तर कुरकुरतो किंवा मऊ लागतो. असे फोड कडेलगत, एका रेषेत येतात. तुमचे फोड खालच्या कडेला आणि दिव्यांजवळ आहेत, तेव्हा आतून आल्याचीच शक्यता जास्त. काचेखालचा तपकिरी ओघळ तर काचेच्या बैठकीतून, म्हणजे काच ज्या पत्र्याच्या पट्टीवर चिकटवलेली असते तिथून, येत असणार.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे तेही सांगतो. दाराच्या सपाट मधल्या भागावर खड्याने एखादा टवका उडाला असेल, पत्रा मागून ठणठणीत असेल, तर बाहेरूनच काम करा, पॅनेलला हात लावू नका. काही गाड्यांचं डिकीचं दार प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं असतं. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. ते कुठेच चिकटलं नाही तर प्रश्न वेगळा आहे. सगळीकडे चिकटलं पण एका पट्ट्यात सैल धरलं, तर तिथे आधी कुणीतरी जाड पुट्टी भरली आहे. आणि दारच बदलायचं ठरलं असेल तरी पॅनेल, वायरी आणि वायपरची मोटर जुन्या दारातून नव्यात घालायला ते काढावंच लागतं.

मी हे आग्रहाने का सांगतोय त्यालाही कारण आहे. कामाच्या सुरुवातीच्या काळात अगदी अशाच एका दारावर मी बाहेरून काम केलं. फोड घासले, चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गेलो, रंग उत्तम जुळवला. आठ महिन्यांत फोड त्याच जागी परत आले, आधीपेक्षा मोठे. तेव्हा पॅनेल काढलं. खालच्या पोकळीत ओल्या मातीचा थर होता आणि मागच्या वायपरच्या पाण्याची नळी सांध्यातून निसटलेली. मालक दरवेळी काच धुवायला बटण दाबायचे आणि अर्धं पाणी दाराच्या पोटात जायचं. मी रंग कितीही चांगला लावला असता तरी तो टिकणार नव्हता. ते काम मी पुन्हा माझ्या खर्चाने केलं आणि तेव्हापासून कडेचा फोड दिसला की आधी पॅनेल काढतो.

पॅनेल काढण्यापूर्वीची तयारी पॅनेल काढण्याइतकीच महत्त्वाची आहे. तुमच्या गाडीच्या क्लिपांचा एक नवा संच आधीच आणून ठेवा. जुन्या प्लास्टिकच्या चार-पाच क्लिपा तुटणार हे धरूनच चला. क्लिप हा तुटण्यासाठीच असलेला भाग आहे, तिच्यासाठी पॅनेलवर जोर काढू नका. धातूच्या पटाशीऐवजी प्लास्टिकची चपटी पट्टी वापरा. स्क्रू-ड्रायव्हरच वापरावा लागला तर त्याच्या टोकाला जाड चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर क्लिपेच्या भोकाभोवती रंग खरवडला जातो आणि पुढचा गंज तुम्ही स्वतः पेरता. प्लास्टिक थंड असताना ठिसूळ असतं. गाडी तासभर उन्हात ठेवा किंवा हेअर ड्रायरने कड कोमट करा, चटका बसेल इतकी नको.

डिकीचं दार वर उचलून धरणारे गॅसचे दांडे, ज्यांना आपण शॉकर म्हणतो, ते जुने झाले असतील तर दाराला लाकडी टेकू द्या. आत डोकं घालून काम करताना दार खाली आलं तर मान गेली म्हणून समजा. उलट बाजूही लक्षात असू द्या : काच काढली की दार हलकं होतं आणि चांगले दांडे त्याला झटक्याने वर फेकतात. दांडा काढायचा असेल तर आधी टेकू, मग दांडा. त्यात दाबाखालचा वायू असतो. त्याला उष्णता देऊ नका, जवळ वेल्डिंग करू नका, भोक तर मुळीच पाडू नका.

बॅटरीची ऋण बाजू सोडा, पण आधी डिकीचं दार उघडलेलं आहे आणि किल्ली तुमच्या खिशात आहे याची खात्री करा. छताजवळच्या खांबाचं आवरण काढावं लागणार असेल, उदाहरणार्थ दारात जाणारी वायर बघायला, तर तिथे पडद्यासारखी एअरबॅग असू शकते. अशा वेळी बॅटरी सोडल्यावर गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, आणि त्या खांबावर ठोकाठोक करू नका.

प्रत्यक्ष काढताना क्रम महत्त्वाचा. बहुतेक गाड्यांत काचेच्या भोवतीच्या पट्ट्या वेगळ्या आणि खालचं मोठं पॅनेल वेगळं असतं. ते एकमेकांवर चढलेले असतात. कुठला भाग कुठल्याच्या वर आहे हे टॉर्च लावून सांध्यावर बघा. वर असलेला आधी निघतो. मागच्या सामानाच्या फळीच्या दोऱ्या सोडा. मग स्क्रू शोधा. दार ओढायच्या खाचेत छोट्या झाकणाखाली, दिव्याचा बल्ब बदलायच्या खिडकीमागे, कडेच्या रबरी ठोकळ्यांखाली, धोक्याची सूचना देणाऱ्या त्रिकोणाच्या कप्प्यात, अशा जागी ते लपलेले असतात. सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकची पट्टी घालून पहिली क्लिप सोडा. एकदा फट झाली की बोटं आत घाला आणि पुढच्या क्लिपेच्या अगदी जवळ धरून सरळ आपल्याकडे ओढा. क्लिपा साधारण वीतभर अंतरावर असतात. पॅनेल मध्यभागी धरून ओढलं तर क्लिप सुटण्याऐवजी तिचं पॅनेलवरचं प्लास्टिकचं घर तुटतं, आणि खडखडाट त्यामुळेही होतो.

सगळ्या क्लिपा सुटल्यासारख्या वाटत आहेत, तरी पॅनेल एका जागी अडतंय? थांबा. तिथे स्क्रू राहिलाय किंवा पॅनेल बाजूला सरकवून काढायचं आहे. या क्षणी जोर लावूनच सर्वात जास्त पॅनेलं फुटताना मी पाहिली आहेत.

पॅनेल सुटलं म्हणून लगेच दूर नेऊ नका, मागे डिकीच्या दिव्याची किंवा बटणाची वायर असू शकते. प्लग दाबून सोडा, वायर धरून ओढू नका. काचेच्या डिफॉगरची, म्हणजे काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांची, टोकं तर फार नाजूक असतात. ती काचेवर नुसती सोल्डरने चिकटवलेली असतात, ओढली की टिकली निघून येते. प्रत्येक टप्प्याला फोनवर फोटो काढा. आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा : कुलपाची वायर सोडलेली असताना दार बंद करू नका. बऱ्याच गाड्यांचं डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. वायर सुटलेली असताना दार आपटलं तर ते बंद होईल, उघडणार मात्र नाही, आणि मग मागची सीट पाडून आतून कुलपाचा खटका शोधत बसावं लागेल. काम दोन दिवस चालणार असेल तर कुलपाच्या जिभेसमोर जाड फडकं बांधून ठेवा.

आता बघायचं काय. मला विचाराल तर हाच कामाचा गाभा आहे, म्हणून घाई करू नका. आधी नाकाने : कुबट वास आला म्हणजे ओल जुनी आहे. मग खालच्या पोकळीत बोट फिरवा. माती, पानांचा चुरा, गंजाच्या खपल्या निघाल्या तर त्या टाकून देऊ नका, कुठून निघाल्या ते लिहून ठेवा. खालच्या कडेला पाणी निघायची छोटी भोकं असतात. ती मातीने, गंज रोखायला आत मारलेल्या जुन्या मेणाने किंवा आधीच्या रंगकामात सीलंटने बुजलेली असतात. आधीच्या माणसाने नीटनेटकं दिसावं म्हणून भोकं बुजवल्याची उदाहरणं मी अनेकदा पाहिली आहेत. पाणी आत येणं एकवेळ चालतं, आलेलं पाणी बाहेर न जाणं चालत नाही. पातळ प्लास्टिकच्या काडीने भोकं मोकळी करा, तारेने खरवडू नका.

जिथे हात पोचत नाही तिथे फोनचा कॅमेरा किंवा नळीवरचा छोटा कॅमेरा घाला. फोडाच्या बरोबर मागे काय आहे ते शोधा. बोथट स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने हलकं ठोका. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला भदभद. टोकाने दाबून बघा. आत गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते भोक तुम्ही पाडलं नाही, ते होतंच.

मग पाणी. डिकीच्या दारात पाणी शिरायच्या वाटा मोजक्याच आहेत : वायपरचा दांडा बाहेर येतो तिथलं रबर, वरच्या ब्रेकच्या दिव्याची गादी (दिव्याखालची पाणी अडवणारी मऊ पट्टी), नंबरप्लेटच्या दिव्यांच्या गाद्या, दारावरचे मागचे दिवे, काचेची बैठक, छतातून दारात वायर येते तिथली रबरी नळी, आणि आधी सांगितली ती वायपरच्या पाण्याची नळी. दार बंद करा, अर्थात कुलूप जोडलेलं ठेवून आणि बॅटरी लावून. एकाने मागची सीट पाडून आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने साध्या नळीने पाणी सोडायचं. प्रेशरची नळी नको, ती चांगलं रबरही फोडून पाणी आत घालते आणि खोटं उत्तर देते. खालून सुरुवात करा आणि हळूहळू वर जा, प्रत्येक जागी पाचेक मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि शिरलं कुठून हे कळत नाही. संशयाच्या जागी आतून कोरडा कागद चिकटवून ठेवला तर पहिला थेंबही दिसतो.

तुमच्या बाबतीत नंबरप्लेटच्या दिव्यांच्या गाद्यांवर माझा पहिला संशय आहे. ही गादी चपटी होऊन कडक होते, स्वस्तात बदलता येते, आणि कुणीच बदलत नाही.

काचेखालचा ओघळ मात्र मला जास्त काळजीचा वाटतो. मागची काच चिकटद्रव्याने पत्र्याच्या पट्टीवर बसवलेली असते. पूर्वी कधी काच बदलली असेल आणि जुनं चिकटद्रव्य कापताना पातं पत्र्यापर्यंत गेलं असेल, त्या ओरखड्याला प्रायमर न लावता नवी काच बसवली असेल, तर गंज चिकटद्रव्याच्या खाली सरकत जातो. काचेभोवतीच्या आतल्या पट्ट्या काढल्या की या बैठकीची आतली कड दिसते. तिथे तपकिरी रेघ असेल तर काच काढल्याशिवाय काम होणार नाही. हे काम स्वतः करू नका असं मी स्पष्ट सांगेन. मागची काच सहसा कडक केलेली असते, कडेला टोला बसला तर सगळीच्या सगळी दाण्यांसारखी कोसळते.

एवढं बघून झालं की निर्णय सोपा होतो. पत्रा वर-वर तपकिरी आहे, ओरखडला की खाली चकचकीत लोखंड आहे : घासा, प्रायमर लावा, रंगवा. पत्र्यावर बारीक खड्डे पडलेत पण आरपार नाहीत : खड्ड्यांच्या तळाशी गंज राहतो, वायर ब्रश तो नुसता पॉलिश करून चमकवतो. तिथे टोकदार साधनाने किंवा वाळूच्या फवाऱ्याने खोदून काढावं लागतं, आणि उरलेल्यावर गंज बदलणारं द्रव्य लागतं. टॅनिनचं द्रव्य गंजाला काळं आणि स्थिर करतं, फॉस्फोरिक आम्लाचं त्यावर फॉस्फेटचा थर करतं. दोन्ही फक्त गंजावर काम करतात, सैल खपल्यांवर नाही आणि स्वच्छ पत्र्यावर तर लावायची गरजच नाही. आम्लाचा अंश धुऊन-वाळवून न काढता त्यावर एपॉक्सी प्रायमर मारला तर तो नीट धरत नाही, त्यामुळे दोन्ही डब्यांवरच्या सूचना एकमेकांशी जुळतात का ते आधी वाचा.

पत्र्याची चाळण झाली असेल तर पुट्टी किंवा फायबरची जाळी हा उपाय नाही. पॉलिस्टर पुट्टी ओल शोषते. मागून उघड्या भोकावर ती भरली की मागून ओल शोषून आपल्याच कडेने पत्रा खात राहते. खाल्लेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, त्याच जाडीचा तुकडा बसवायचा आणि वेल्डिंगचे छोटे-छोटे टाके एकमेकांपासून लांब घालत जायचे. एवढ्या पातळ सपाट पत्र्यावर सलग वेल्डिंग केलं तर तो लाटांसारखा वाकतो. कडेची दुमड हातभर लांबीत गेली असेल, आतला सांगाडाही खाल्ला असेल, तर मी दुसरं चांगलं दार शोधायला सांगतो. वापरलेलं दार घेतानाही हेच सगळं तपासा : त्याचं पॅनेल उघडून, त्याच जागी. त्याच्या बाहेरच्या रंगावर विश्वास ठेवू नका.

भोकं आहेत आणि तरी गाडी चालवायची आहे, असं म्हणणारेही असतात. त्यांना मी एवढंच सांगतो की चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि एक्झॉस्टचा धूर तिथे घुटमळतो. दाराच्या खालच्या कडेला भोकं असतील किंवा रबर सैल असेल तर तो धूर आत येतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर निदान भोकं बाहेरून तात्पुरती घट्ट झाका.

वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करायचं असेल तर पॅनेल काढण्याचं आणखी एक कारण तयार होतं : आग. पॅनेलमागे फोम, कापसाचा नमदा, डांबरी पट्टे, वायरींची आवरणं, जुनं मेण असतं. बाहेरून ग्राइंडर चालवणाऱ्याला आतला धूर दिसत नाही. काम चालू असताना एक माणूस आत बघत पाहिजे, हाताशी अग्निशामक पाहिजे. काच आणि सीट जाड ओल्या गोणपाटाने किंवा वेल्डिंगच्या चादरीने झाका, ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग कधीच जात नाहीत. जस्ताचा थर असलेल्या पत्र्याचा धूर छातीत गेला तर संध्याकाळी तापासारखी कणकण येते, म्हणून तेवढ्या भागातलं जस्त आधी घासून काढा आणि हवा खेळती ठेवा. दोन भागांच्या रंगातल्या हार्डनरमध्ये, म्हणजे रंग कडक करणाऱ्या भागात, आयसोसायनेट नावाचं श्वासाला घातक रसायन असतं. त्याला धुळीचा मास्क पुरत नाही. बाहेरून शुद्ध हवा देणारा मास्क आणि रंगाची खोली नसेल तर फवारा मारायचं काम व्यावसायिकाकडे द्या. मी या बाबतीत कधीच तडजोड करत नाही, कारण एकदा याची ॲलर्जी जडली की माणसाला हा धंदा सोडावा लागतो.

रंगाच्या बाबतीत थोडक्यात : दिसणाऱ्या गंजाच्या पलीकडे बोटभर चांगला पत्रा उघडा होईपर्यंत ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, मग १८० आणि ३२० ने कड उतरती करा. उघड्या पत्र्याला हात लावू नका, घामातलं मीठ तिथे राहतं. रात्रभर उघडा ठेवू नका, त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर लागला पाहिजे. पुट्टी लागलीच तर पातळ, आणि कोरडीच घासा. कड दुमडलेली आहे तिथे प्रायमरनंतर नवं सीलंट, मग रंग, मग क्लियर, म्हणजे वरचा पारदर्शक थर.

जे फार जण चुकवतात ते पुढे आहे. आतल्या पोकळीत मेण मारायचं असतं, पातळ, फटीत सरकणारं, लांब नळीने सगळ्या दिशांना फवारणारं. हे मेणच दुमडीच्या पोटातल्या गंजाला ऑक्सिजन आणि पाण्यापासून तोडतं. पण ते रंगाच्या नंतर. आधी मारलं तर ते कडेतून बाहेर पाझरतं आणि त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यांसारखी वर्तुळं पडतात. म्हणून रंग पूर्ण वाळू द्या, पोकळी गरम हवेने कोरडी करा, मग आतल्या सांगाड्याच्या भोकांतून मेण मारा, दार कुलूप न लागू देता खाली करून खालच्या कडेतून निथळू द्या. दुसऱ्या दिवशी पाण्याची भोकं पुन्हा काडीने मोकळी करा, मेणानेच ती बुजतात. आणि हे खरं सांगितलं पाहिजे : दुमडीत शिरलेला गंज मेणाने मरत नाही, मंदावतो. दर दोन वर्षांनी पुन्हा मारलं तर खूप मंदावतो. बाकी भाग कायमचा दुरुस्त झाला असं मी म्हणेन, दुमडीबद्दल तसा शब्द मी कुणालाही देत नाही.

पॅनेल परत लावण्याआधी क्लिपांच्या प्रत्येक भोकाची कड बघा, खरवडलेली असेल तर ब्रशने प्रायमर आणि रंगाचा थेंब लावा. नंबरप्लेटच्या दिव्यांच्या आणि वायपरच्या गाद्या नव्या घाला. पाण्याच्या नळीचा सांधा ओढून बघा. मग बॅटरी जोडा आणि पॅनेल न लावताच सगळं तपासा : कुलूप, वायपर, पाणी, दिवे, डिफॉगर, असेल तर कॅमेरा. कुलूप तपासताना दार न आपटता, स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने कुलपाची जीभ बंद करून बटणाने उघडते का ते बघा. त्यानंतर पाण्याची तीच चाचणी पुन्हा घ्या. आतला कागद कोरडा राहिला तरच पॅनेल लावा. लावताना सगळ्या क्लिपा पॅनेलवर आधी बसवा, प्रत्येक भोकासमोर आली की नाही ते बघा, आणि मगच तळहाताने एकेक ठोका. वायर जिथे पत्र्याला घासू शकते तिथे फोमची पट्टी गुंडाळा, खडखडाट बहुतेक वेळा वायरीचाच असतो, पॅनेलचा नाही.

पहिल्या दोन-तीन जोरदार पावसांनंतर दिव्याची छोटी खिडकी उघडून आत बोट घाला. बोट कोरडं निघालं तर पुढच्या वेळी वर्षभराने बघितलं तरी चालेल. ओलं निघालं तर रंग खराब व्हायच्या आधी तुमच्या हातात वेळ आहे, पुन्हा नळी आणि कागद घेऊन खालून सुरुवात करा.